हार्ड डिस्कचं बिऱ्हाड

काकूंचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. २०१६ सालच्या थँक्सगिव्हिंगचा आठवडा. मुलं घरी आलेली, पाहुण्यांची गर्दी, आणि अशा वेळी काकू सहसा फोन करत नाहीत.

"अरे, जरा येतोस का घरी? हा कसलीशी सीडी घालून बसलाय आणि मशीन विचारतंय, सगळं पुसून टाकू का म्हणून. मी म्हटलं, थांब, कुठलंही बटण दाबू नकोस."

"काकू, त्याला सांगा लॅपटॉपची बॅटरीच काढून टाक. मी दहा मिनिटांत पोचतो."

मंडळी, ही हकीकत त्या रात्रीची आहे, पण तिची पाळंमुळं साठ वर्षं मागे जातात. त्यामुळे थोडी पुढे, थोडी मागे अशी सांगावी लागणार. मी पंचवीसेक वर्षं हार्ड डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, लिहिण्यात घालवली. साहजिकच ओळखीतल्या कुणाचाही लॅपटॉप बिघडला की, डॉक्टर पाहुण्यासमोर जेवणाच्या ताटावरच जीभ काढून दाखवावी तसा, तो माझ्यापुढे उघडून ठेवला जातो. बहुतेक वेळा मी टाळतो. या वेळी टाळण्यासारखं नव्हतं.

आमच्या मंडळाची स्मरणिका नव्वदच्या दशकापासून पुढे बरीच वर्षं काकांनी एकहाती काढली. लेख गोळा करायचे, हस्तलिखितं घरी बसून टाइप करायची, पानं लावायची आणि शेवटच्या आठवड्यात छापखान्याकडे पळायचं. २००२ पासून हे सगळं एका लॅपटॉपवर चाले. काका २०११ साली गेले. लॅपटॉपचा पडदा त्याआधीच काळा पडला होता, म्हणून तो कपाटात गेला तो गेलाच. पुढे मंडळाने जुन्या अंकांतले निवडक लेख एकत्र छापायचं ठरवलं आणि समितीने काकूंकडे फायली मागितल्या. काकूंना एवढंच माहीत होतं, की "ह्यांचं सगळं त्यात आहे." त्यात काकांनी स्वतः लिहायला घेतलेला, आणि कधीच न छापलेला, मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवाचा लेखही होता.

मुलगा हुशार. त्याने विचार केला, की पडदा गेला म्हणजे डिस्क गेली असं नाही. कुणाकडून तरी त्याच कंपनीचा, दिसायला तसाच जुना लॅपटॉप विकत आणला, दोन स्क्रू काढून काकांची डिस्क त्यात सरकवली आणि बटण दाबलं. विंडोजचं चिन्ह क्षणभर दिसलं, आणि मग निळा पडदा. पुन्हा चालू, पुन्हा निळा पडदा. तीनचार वेळा असं झाल्यावर त्याने त्या दुसऱ्या लॅपटॉपबरोबर आलेली रिकव्हरी सीडी घातली. नावातच 'रिकव्हरी' आहे म्हटल्यावर बिचाऱ्याला वाटलं, गेलेलं परत मिळेल. प्रत्यक्षात ही सीडी लॅपटॉपला कारखान्यातून निघाल्या दिवसाच्या स्थितीत नेते, म्हणजे डिस्क पुसून नव्याने विंडोज घालते. काकूंनी पडद्यावरचं ते इंग्रजी वाक्य वाचलं नसतं तर हा लेख लिहायचं कारणच उरलं नसतं.

आता जरा मागे जाऊ या.

सॅन होजेच्या जुन्या गावठाणात, ९९ नोट्रे डेम अव्हेन्यूवर, आयबीएमची एक छोटी प्रयोगशाळा होती. रेनॉल्ड जॉन्सन हे तिचे प्रमुख. मूळचे मिशिगनमधल्या शाळेतले विज्ञानशिक्षक, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र शोधल्यामुळे आयबीएममध्ये आलेले. त्यांच्या हाताखाली जगातली पहिली हार्ड डिस्क तयार झाली आणि सप्टेंबर १९५६ मध्ये 'रॅमॅक' या संगणकाबरोबर ती जाहीर झाली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक, मिनिटाला १,२०० फेरे, वजन टनभर, आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. आपल्या स्मरणिकेचं एक पान अडीच हजार अक्षरखुणांचं धरलं तर दोन हजार पानं. सगळ्या यंत्रणेचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर. ही डिस्क काढून दुसरीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. तिला हलवायला फोर्कलिफ्ट लागे.

काढून-घालायची डिस्क आली १९६२ साली, आयबीएम १३११. सहा तबकड्यांची चवड, वजन साडेचार किलोच्या आसपास, वरून केक झाकायच्या भांड्यासारखं प्लॅस्टिकचं झाकण. एका ड्राइव्हमधून काढायची, दुसऱ्यात ठेवायची. म्हणजे आज ज्याचं आपल्याला अप्रूप किंवा भीती वाटते ते डिस्क बदलणं साठच्या दशकात संगणकखोलीतलं रोजचं काम होतं. आणि त्यातली दुखणीही तेव्हापासूनच सुरू झाली.

त्यातलं एक दुखणं असं. तबकड्या इकडून तिकडे जात, पण त्यांवर लिहिणारी-वाचणारी 'हेडं' ड्राइव्हमध्येच राहत. एका ड्राइव्हचं हेड केसभर डावीकडे सरकलेलं असलं, की त्याने लिहिलेलं त्याला स्वतःला नीट वाचता येई, पण शेजारच्या ड्राइव्हला वाचता येत नसे. मग कंपनीचा इंजिनिअर एक खास प्रमाणित चवड घेऊन येई आणि सगळ्या ड्राइव्हची हेडं तिच्याशी जुळवून देई. जुळवल्यावर गंमत अशी, की आधी वाकड्या हेडाने लिहिलेल्या चवडी आता कुणालाच वाचता येत नसत!

दुसरं दुखणं याहून वाईट. तबकडीवर धुळीचा कण बसला की हेड त्यावर आदळे, चुंबकीय लेप खरवडला जाई आणि हेडही खराब होई. ऑपरेटरला वाटे, ड्राइव्ह बिघडला. तो तीच चवड उचलून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ठेवी. तोही जाई. मग खात्री करायला दुसरी चांगली चवड खराब ड्राइव्हमध्ये. तीही जाई. दुपारपर्यंत अर्धी खोली बंद! आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांकडून मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे, की नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी ती सांगत असू. बिघडलेली वस्तू चांगल्या यंत्रात घालून "बघू चालते का" हा मोह माणसाला आवरत नाही. काकूंच्या मुलाने तेच केलं, ऑपरेटरांनी तेच केलं.

यावर तोडगा निघाला १९७३ मध्ये. आयबीएम ३३४० या डिस्कमध्ये तबकड्या आणि हेडं एकत्रच एका बंद डब्यात ठेवली गेली. ज्याने लिहिलं तोच वाचणार, आणि धुळीला शिरकाव नाही. तिचं टोपणनाव 'विंचेस्टर' पडलं, ते त्या नावाच्या बंदुकीवरून. आजची प्रत्येक फिरती हार्ड डिस्क या विंचेस्टरच्याच घराण्यातली.

पण हेडं डब्यात गेली तरी त्यांना हुकूम देणारा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, अजून बाहेरच होता. ॲलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांनी १९७९ साली काढलेल्या कंपनीने, जी पुढे सीगेट म्हणून प्रसिद्ध झाली, १९८० मध्ये एसटी-५०६ ही सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची डिस्क बाजारात आणली. किंमत दीड हजार डॉलर. आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये, १९८३ च्या 'एक्सटी' मॉडेलपासून, अशा जातीची डिस्क बसू लागली. तिचा कंट्रोलर हे एक वेगळं कार्ड असे. डिस्क एका कार्डावर तयार केली आणि नंतर दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला जोडली, की बहुधा वाचता येत नसे. पुन्हा तेच! लिहिणारा एक, वाचणारा दुसरा.

हा मेंदू उचलून डिस्कच्याच पाठीवर बसवायचा, ही कल्पना ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पुढे आली. वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा या कंपन्यांनी मिळून जी जोडणी ठरवली तिला आपण 'आयडीई' म्हणून ओळखतो. पण त्यासाठी आधी हातभर लांबीचं कार्ड दोनचार चिप्समध्ये मावायला हवं होतं. इथे आपल्याला अगदी घरच्यासारखं वाटणारं एक आडनाव भेटतं.

सुहास पाटील. जन्म १९४४, जमशेदपूर. आयआयटी खरगपूरमधून पदवी, मग एमआयटीत डॉक्टरेट, तिथेच अध्यापन, आणि नंतर युटा विद्यापीठात प्राध्यापक. गुंतागुंतीच्या चिप्सचा आराखडा झटपट आणि शिस्तीत कसा करता येईल हा त्यांच्या संशोधनाचा विषय. १९८१ साली सॉल्ट लेक सिटीत त्यांनी कंपनी काढली, तिचं नाव सरळ 'पाटील सिस्टिम्स'. १९८४ मध्ये कंपनीचं बिऱ्हाड कॅलिफोर्नियात हललं आणि नाव झालं सिरस लॉजिक. तिचा सुरुवातीचा मुख्य धंदा कोणता? तर पर्सनल कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कसाठी कंट्रोलर चिप्स. १९८९ साली कंपनी शेअर बाजारात आली. पुढे १९९२ साली सिलिकॉन व्हॅलीतल्या उद्योजकांची 'टाय' ही संस्था उभी राहिली, तिचे संस्थापक अध्यक्षही पाटीलच. आपल्या मंडळांतून क्रिकेटपटू आणि गायक यांच्याबद्दल जितकं बोललं जातं तितकं या माणसाबद्दल बोललं जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

मेंदू डिस्कवर आल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. डिस्क आता स्वतःला ओळखू लागली. आपल्या कुठल्या जागा खराब आहेत, हेडं किती सरकतात, हे ती स्वतःपाशी लिहून ठेवते. म्हणूनच आज बिघडलेल्या डिस्कचं हिरवं कार्ड काढून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं लावलं तर ती बहुधा चालत नाही. दुसऱ्याचा चष्मा लावून वाचल्यासारखं होतं. आणि दुसरी गोष्ट, डिस्क लहान होऊ लागली. कोलोरॅडोतल्या प्रेअरीटेक या कंपनीने १९८८ मध्ये पहिली अडीच इंची डिस्क काढली, वीस मेगाबाइटची. लॅपटॉपची हार्ड डिस्क म्हणून पुढची दोन दशकं जी तुमच्या-आमच्या मांडीवर गरम होत राहिली, ती याच आकाराची.

अडीच इंची आयडीई डिस्कला चव्वेचाळीस पिना. मोठ्या भावंडाला चाळीस पिना आणि विजेची वेगळी केबल असते. इथे वीजही त्याच जोडणीतून येते, म्हणून चार जास्त. शेजारी थोडी जागा सोडून आणखी चार पिना असतात, त्या फक्त डिस्क 'मास्टर' की 'स्लेव्ह' हे ठरवण्यासाठी. घाईत माणूस जोडणी एक घर सरकवून बसवतो आणि पिन वाकते. काकांच्या डिस्कची एक पिन त्या रात्री वाकलेलीच होती. चिमट्याने हळूच सरळ केली, तेव्हा काकू दुसरीकडे बघत होत्या.

डिस्क मोठी घालायची तर वेगळीच कथा. १९९९ च्या सुमारास मी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये ऐटीत नवी डिस्क बसवली. घरात जाहीर केलं, आता फोटोंना जागाच जागा. मशीनने मान्य केली फक्त ८.४ गिगाबाइट, बाकीची डिस्क त्याच्या लेखी नव्हतीच. मी या धंद्यात असून फसलो, म्हणून बायकोने ती गोष्ट बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरली.

यामागचं कारण मजेशीर आहे. डिस्कवरचा पत्ता पूर्वी तीन आकड्यांत सांगत. कितवं वर्तुळ, कितवं हेड, वर्तुळातला कितवा तुकडा. संगणकाच्या 'बायोस'ने वर्तुळांना जागा ठेवली होती १,०२४ पर्यंत, हेडांना २५६ पर्यंत, तुकड्यांना ६३ पर्यंत. आयडीईच्या बाजूने वर्तुळं ६५,५३६, तुकडे २५५, पण हेडं फक्त १६. दोघेही आपापल्या परीने उदार. पण लग्नाच्या याद्या करताना दोन्ही पक्षांना मान्य तेवढंच कागदावर येतं, तसं प्रत्येक बाबतीत लहान आकडाच उरला. १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३, प्रत्येक तुकडा ५१२ बाइटचा. झाले सुमारे ५२ कोटी ८५ लाख बाइट, म्हणजे ५२८ मेगाबाइट. ही पहिली भिंत नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात लोकांना लागली. हेडांचे खोटे आकडे सांगून ती ओलांडली तर पुढे ८.४ गिगाबाइटची भिंत. तीच माझ्या कपाळाला लागली. मग तीन आकडे सोडून सरळ अनुक्रमांक द्यायची पद्धत सर्रास झाली, पण तो अनुक्रमांक २८ बिटांचा, म्हणून १३७ गिगाबाइटला तिसरी भिंत. ती २००२ साली ४८ बिटांच्या पत्त्याने पडली. विंडोज एक्सपीला ते शहाणपण त्याच वर्षी सर्व्हिस पॅक १ बरोबर आलं. त्याही पुढे, डिस्कचे विभाग नोंदवायच्या जुन्या तक्त्यामुळे २.२ टेराबाइटला चौथी भिंत होती. प्रत्येक वेळी ठरवणाऱ्यांना वाटलं होतं, एवढी जागा कुणाला लागणार आहे? माळा बांधताना आपल्यालाही असंच वाटतं.

तेव्हा काकांच्या डिस्कला निळा पडदा का आला? तिथे ना भिंत होती, ना वाकडं हेड. तीस गिगाबाइटची डिस्क, मशीनने बरोबर ओळखली होती. अडचण होती विंडोज एक्सपीची.

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलं. ते एखाद्या मशीनवर बसवताना त्या मशीनच्या मदरबोर्डावर डिस्क सांभाळणारी चिप कोणती आहे हे बघतं, तिला लागणारा ड्रायव्हर नोंदवून ठेवतं, आणि दर वेळी सुरू होताना तोच उघडतं. काकूंच्या मुलाने आणलेला लॅपटॉप बाहेरून तसाच होता, पण आतली चिप दुसऱ्या घराण्याची. सुरुवातीचे काही क्षण बायोस डिस्क वाचून देतं, म्हणून विंडोजचं चिन्ह दिसतं. मग विंडोज कारभार स्वतःच्या हाती घेतं, जुन्या ओळखीच्या चिपला हाक मारतं, उत्तर येत नाही, आणि ज्या डिस्कवर ते स्वतः उभं आहे तीच त्याला दिसेनाशी होते. या निळ्या पडद्याच्या तळाशी जो आकडा येतो त्याला जाणकार 'सेव्हन-बी' म्हणतात. डिस्क ठणठणीत असते, फक्त मालकाने घराची किल्ली जुन्या बिऱ्हाडी ठेवलेली असते.

समजा ही अडचण सोडवली असती, तरी पुढे ॲक्टिव्हेशन होतंच. एक्सपी पहिल्यांदाच घराघरांत मशीनची ओळख मागू लागलं. लॅपटॉपबरोबर आलेलं एक्सपी तर बायोसमध्ये आपल्या कंपनीचं नाव शोधतं. ते सापडलं तर गप्प, नाही सापडलं तर परवाना पुन्हा सिद्ध करा. रॅमॅकच्या काळी डिस्क हलत नव्हती ती वजनामुळे. २००१ नंतर ती तळहातावर मावू लागली आणि करारांनी जड झाली.

त्या रात्री मी डिस्क बाहेर काढली आणि पिशवीत घालून माझ्या घरी नेली. अशा प्रसंगी पहिलं काम एकच, ते म्हणजे डिस्कवरून मशीन सुरू करायचंच नाही. विंडोज सुरू होताना शेकडो ठिकाणी काहीबाही लिहितं. नुसती जोडली तरी कधी कधी "या डिस्कमध्ये चुका आहेत, दुरुस्त करू का" असं विचारतं. त्यालाही नाही म्हणायचं. मी ती एका यूएसबीच्या जोडणीत बसवली. आधी नुसतीच टकटक करू लागली तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. पण तो हेड गेल्याचा आवाज नव्हता. यूएसबीच्या जुन्या पोर्टमधून अर्धा अँपिअर वीज मिळते आणि म्हाताऱ्या डिस्कला पहिला वेग घ्यायला तेवढी पुरत नाही. दोन तोंडांची केबल लावल्यावर बाईसाहेब शांतपणे फिरू लागल्या. मग लिनक्सवरून, डिस्कवर एक अक्षरही न लिहिता, तिची शेवटच्या तुकड्यापर्यंत हुबेहूब नक्कल काढली. चारपाच ठिकाणी वाचता येईना, तिथे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत पहाट झाली. त्यानंतरचं सगळं काम नकलेवर. मूळ डिस्क काकूंच्या देव्हाऱ्याखालच्या खणात परत गेली, आणि आजही तिथेच आहे.

नकलेत काकांचं फोल्डर दिसलं, उघडेना. परवानगी नाही! काकांनी पासवर्ड ठेवताना एक्सपीने विचारलं असणार, तुमच्या फायली खाजगी ठेवू का, आणि त्यांनी हो म्हटलं असणार. तसं केलं की त्या फायलींवर त्या मशीनवरच्या त्या माणसाच्या क्रमांकाची मोहर बसते. दुसऱ्या मशीनवर हे नाव कुणाच्याच ओळखीचं नसतं. मात्र हे कुलूप फार पक्कं नाही. दुसऱ्या मशीनचा प्रशासक मालकी स्वतःकडे घेऊ शकतो. घेतली. एक्केचाळीस फायली. शेवटच्या गावी पोचलो म्हणून मी पहिली फाइल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलरची चिन्हं यांची खिचडी.

तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलं आहे त्यांना ही खिचडी ओळखीची असेल. तेव्हाच्या बहुतेक मराठी फाँटमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टाइप करत होता, फक्त चेहरा मराठी. आणि कुठलं अक्षर कुठल्या जागी, हे प्रत्येक कंपनीचं आपापलं. म्हणजे पुन्हा तीच जुनी गोष्ट. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही.

शहाण्या माणसांनी यावर आधीच विचार केला नव्हता असं नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली वाढलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान, भारतीय लिप्यांसाठीचं 'इस्की' हे मानक, आणि त्याच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेला, १९९१ च्या पहिल्या युनिकोडमधला देवनागरी विभाग, हे सगळं होतं. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फाँटही आला होता. पण छापखान्याला सुंदर वळणाचे फाँट हवे होते, पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरला युनिकोड समजत नव्हतं, आणि अंक गणपतीच्या आत निघायला हवा होता. काकांनी जे हाती होतं त्यात काम केलं. मीही तेच केलं असतं.

फाइलमध्ये फाँटचं नाव होतं. ते सॉफ्टवेअर शोधणं व्यर्थ होतं, कारण तसली काही सॉफ्टवेअरं प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या एका खुंटीशिवाय, हार्डवेअर लॉकशिवाय, चालतच नसत, आणि काकांची खुंटी काकूंनी घर आवरताना कधीच टाकून दिली होती. दोन दिवस मी मित्रांना विचारत राहिलो. मग एकदम डोक्यात आलं, की चष्मा कपाळावरच आहे. काकांच्या मशीनवर मराठी दिसत होतं, म्हणजे फाँट त्याच डिस्कवर असणार. नकलेतल्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून ती फाइल उचलली, माझ्या मशीनवर टाकली, आणि त्या खिचडीचा एका क्षणात लेख झाला. रफार, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. खरं सांगतो, तीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा स्वतःचं फर्मवेअर चाललं तेव्हाही मला एवढं भरून आलं नव्हतं.

युनिकोडमध्ये बदलायला मात्र आणखी तीन आठवडे गेले. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफारही असाच जागा बदलतो. त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो चुकला, पुन्हा लिहिला. एक्केचाळीसपैकी दोन फायली त्या न वाचलेल्या तुकड्यांत गेल्या. एकोणचाळीस मिळाल्या.

आजचे लॅपटॉप वापरणाऱ्यांनी एवढ्यावर खूश होऊ नये. काकांची डिस्क २००२ ची होती म्हणून हे जमलं. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, बिटलॉकर आहे. त्याची किल्ली मदरबोर्डावरच्या एका चिपमध्ये राहते, आणि डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये गेली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर नक्कल काढूनही हाती खिचडीच, आणि तिचा फाँट कुठेच मिळत नाही. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नव्याने विंडोज बसवलं तर बहुतेक मशीनवर हे कुलूप तुम्ही न सांगताच लागतं. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा होते, पण ते खातं कुणाचं आणि त्याचा पासवर्ड कुणाला माहीत? ॲपलच्या २०१६ च्या टच बारवाल्या मॅकबुक प्रोमध्ये तर डिस्क बोर्डालाच डाग देऊन जोडलेली. काढायला स्क्रूच नाहीत. चोर लॅपटॉप घेऊन गेला तर हे सगळं फार चांगलं आहे. पण घरातला माणूस गेल्यावर कपाटातल्या लॅपटॉपपुढे बसणारी बायको किंवा मुलगा, यांच्यात आणि चोरात मशीनला फरक कळत नाही. ते ४८ आकडे कागदावर छापा आणि पासपोर्टांच्या पाकिटात ठेवा, एवढं मी आता प्रत्येक ओळखीच्या घरी सांगतो. लोक हो म्हणतात. किती जण करतात ते मी विचारत नाही.

काकांचा तो गणेशोत्सवाचा लेख एकोणचाळीसांत होता. नऊ पानं, शेवटचं वाक्य अर्धवट. मी तो छापून काकूंकडे नेला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, मध्ये एकदा थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा सुरुवात केली. चर्चच्या तळघरातली आरती, पेटी वाजवणारं कुणीच नसल्यामुळे लावलेली कॅसेट, वीस माणसांसाठी केलेले आणि साठ जणांना पुरवलेले मोदक. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या,

"सगळं खरं आहे, पण मूर्ती भारतातून आणली म्हणून लिहिलंय ते साफ चूक. ती मी केली होती, वर्तमानपत्राच्या लगद्याची. ह्यांना पाच आठवडे गॅरेजमध्ये गाडी ठेवता आली नव्हती, तरी विसरले!"

"मग काकू, तुम्ही सांगा, मी खाली तुमच्या नावाने टीप घालतो."

"घाल," काकू म्हणाल्या. मग कागद खाली ठेवून माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "आणि ते कुठल्या फाँटमध्ये टाइप करणार आहेस, ते आधी सांग."